प्रबंधाचे शेवटचे वर्ष कोणाच्या खर्चाने?

डिसेंबर २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एक सूचना काढली. कोविडमुळे ग्रंथालये आणि प्रयोगशाळा महिनोन्महिने बंद होत्या. म्हणून प्रबंध सादर करण्याची मुदत संपत आलेल्या विद्यार्थ्यांना ३० जून २०२१ पर्यंत वेळ वाढवून दिला गेला. त्याच सूचनेत पुढे असेही म्हटले होते की अधिछात्रवृत्तीचा काळ मात्र पाच वर्षांचाच राहील. नंतर मुदत पुन्हा वाढली, अट तीच राहिली. हे कोणी आकसाने केले असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे संशोधकाला मिळणारा वेळ आणि त्याला मिळणारा पैसा ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकाची नोंद दुसऱ्यात होत नाही, एवढेच त्यातून उघड झाले. महामारी नसतानाही पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात बहुतेकांची हीच गत असते. नोंदणी चालू, मार्गदर्शक आहेत, साधनसामग्री जमली आहे, दोन-तीन प्रकरणे लिहून झाली आहेत आणि फेलोशिप संपली आहे. या टप्प्यासाठी स्वतंत्र पैसा हवा, आणि तो दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या कार्यालयाने नव्हे, तर खुद्द विद्यापीठाने द्यायला हवा, असे माझे म्हणणे आहे. ते वाटते तितके सरळ नाही, कारण अशा मदतीविषयी जगात जो पुरावा जमला आहे त्यातला काही माझ्या विरोधातही जातो.

आधी हिशेब पाहू. आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे सगळे जिला जेआरएफ म्हणतात ती, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी कामाचे मूल्यमापन होऊन ती वरिष्ठ, म्हणजे एसआरएफ होते आणि ४२,००० वर जाते. एकूण मुदत पाच वर्षे. दुसरीकडे, आयोगाच्याच २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पुरी करायची असते. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिलांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावरही दोन. म्हणजे नियम आठ वर्षांपर्यंत, काहींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत संशोधन चालू शकते हे मान्य करतात. पैसा मात्र पाचव्या वर्षी थांबतो. महिलांना दिलेली सवलत तर केवळ कॅलेंडरची आहे. बाळंतपण आणि घर सांभाळून प्रबंध पुरा करायला वेळ लागतो हे शासनाने ओळखले, पण त्या वाढीव वेळात घरभाडे कोण भरणार याचा विचार केला नाही.

आणि हे झाले जेआरएफ मिळवणाऱ्या भाग्यवंतांचे. जून २०२४ सत्राची नेट परीक्षा ६,८४,२२४ जणांनी दिली. त्यांतल्या ४,९७० जणांना जेआरएफ मिळाली. १,१२,०७० जण केवळ पीएचडी प्रवेशाला पात्र ठरले, म्हणजे दार उघडले पण शिधा नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांना मिळणारी मदत २०१२ पासून महिना ८,००० रुपये आहे. ती बंद करण्याचा निर्णय आयोगाने २०१५ मध्ये घेतला तेव्हा दिल्लीत आयोगाच्या कार्यालयासमोर विद्यार्थी ठाण मांडून बसले होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर केंद्रीय विद्यापीठ एकच, वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नागपूर इथल्या राज्य विद्यापीठांतल्या हजारोंना त्या ८,००० चाही आधार नाही. त्यांच्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आल्या. या संस्थांनी खरोखर मोठा फरक पाडला. ज्या घरांत पदवीधरही नव्हता तिथली मुले संशोधनाला आली. पण याही फेलोशिप नोंदणीच्या वेळी, किंवा त्यानंतर जाहिरात निघेल तेव्हा, एकदाच दिल्या जातात. रक्कम नोंदणीच्या तारखेपासून द्यायची की निवडीच्या तारखेपासून, पन्नास टक्के द्यायची की शंभर, यांवरून गेल्या काही वर्षांत किती आंदोलने झाली हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला सांगायला नको. या सगळ्या वादात प्रबंध कोणत्या टप्प्यावर आहे हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही.

आता, शेवटचा टप्पा एवढा वेगळा का मानायचा? विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे थोडे बरे असते. मार्गदर्शकाचा एखादा प्रकल्प चालू असतो, त्यात त्याला सामावून घेता येते, आणि प्रयोग संपले की लिहिण्याचे काम तुलनेने आटोपशीर असते. इतिहास, समाजशास्त्र, मराठी, अर्थशास्त्र यांत तसे नसते. इथे कागदपत्रे वाचून झाली, मुलाखती घेऊन झाल्या म्हणजे संशोधन संपत नाही. टिपणांच्या ढिगातून युक्तिवाद उभा करणे हेच संशोधन असते आणि ते लिहिता लिहिताच घडते. त्याला सलग वेळ लागतो. नेमक्या याच वेळी फेलोशिप संपते आणि विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवायला लागतो. एका महाविद्यालयात सकाळी चार तास, दुसऱ्यात दुपारी तीन, मधला वेळ एसटीत. प्रबंध शनिवार-रविवारवर जातो, मग उन्हाळ्याच्या सुट्टीवर, मग फेरनोंदणीवर. आपल्याकडे पीएचडी सोडणाऱ्यांबद्दल बोलताना जणू त्यांनी पहिल्याच वर्षी अभ्यास नको म्हणून काढता पाय घेतला असे गृहीत धरले जाते. पण मोठे नुकसान होते ते पाच वर्षे पुरी करून सुटणाऱ्यांचे. जेआरएफच्या पाच वर्षांचा हिशेब सोपा आहे. पहिल्या दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार, पुढच्या तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार, मिळून बरोबर २४ लाख रुपये. घरभाडे भत्ता आणि किरकोळ खर्चाची रक्कम वेगळी. त्यानंतर आणखी सहा महिने तोच दर चालू ठेवला तर लागतात २ लाख ५२ हजार, आधीच्या खर्चाच्या साडेदहा टक्के. अर्थशास्त्राचा जाणकार इथे अडवेल: बुडालेल्या पैशाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी २४ लाख वाया जातील असे म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की पुढचे अडीच लाख कुठे टाकले असता पुरा झालेला प्रबंध हाती येण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, हे पाहावे. नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या सहा महिन्यांत ती शक्यता कोणालाच मोजता येत नाही. तीन प्रकरणे लिहून बसलेल्याच्या बाबतीत ती मोजता येते.

आपल्या राज्याच्या दोन मोठ्या फेलोशिपना ज्यांची नावे आहेत त्यांच्याच आयुष्यात हा प्रश्न स्वच्छ दिसतो. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. १९१६ मध्ये ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले, आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. म्हणजे मुदत मिळाली, पैसा नाही. २०२० ची सूचना काही नवा शोध नव्हता. मग बडोद्याची नोकरी आणि तिथला अपमान, मुंबईत सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, त्या पगारातून शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राची मदत आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य. एवढे सगळे जमवून ते १९२० मध्ये लंडनला परत पोहोचले. पुढच्या वर्षी पैशाची पुन्हा ओढाताण झाली आणि २०० पौंडांसाठी त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहिले. १९२३ मध्ये परीक्षकांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाचे फेरलेखन सुचवले तेव्हा हातातले पैसे संपत आले होते. ते मुंबईला आले आणि सुधारलेला प्रबंध इथून पाठवला. कोलंबियाची कथा त्याहून लांबली. तिथे पदवी हाती पडण्याआधी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापला गेला, सयाजीरावांना अर्पण केला गेला, आणि पीएचडी मिळाली १९२७ मध्ये.

या हकिकतीतून जिद्दीचा धडा काढण्याची आपल्याला सवय आहे. मला त्यातला जमाखर्च अधिक बोलका वाटतो. सयाजीरावांची शिष्यवृत्ती आजच्या जेआरएफसारखी होती. ठरावीक वर्षे, ठरावीक रक्कम, मुदत संपली की परत या. शाहू महाराजांची मदत वेगळ्या जातीची होती. कोण माणूस आहे, काम कुठवर आले आहे, अडले कशाने, हे ठाऊक असलेल्याने शेवटच्या टप्प्यावर दिलेली ती मदत होती. पहिल्या पैशाशिवाय आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले नसते हे खरेच. पण दुसऱ्या प्रकारचा पैसा वेळेवर न मिळाल्याने १९१७ ते १९२० ही तीन वर्षे गेली हेही तितकेच खरे आहे. एका संस्थानिकाच्या वैयक्तिक औदार्यावर सोपवलेले काम आज कोणत्या संस्थेने करायचे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला तो अमेरिकेत. तिथे अभ्यासक्रम आणि परीक्षा पुऱ्या केलेल्या पण प्रबंधावर अडकलेल्या लोकांची एवढी गर्दी आहे की त्यांना ‘एबीडी’ असे नावच पडले आहे. प्रबंध सोडून सगळे झालेले. तिथल्या पदव्युत्तर शिक्षण परिषदेने २००८ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार दहा वर्षांत पीएचडी पुरी करणाऱ्यांचे प्रमाण सर्व विषय मिळून ५७ टक्के होते. अभियांत्रिकीत ६४, मानव्यविद्यांत ४९. त्याआधी १९९२ मध्ये विल्यम बोवेन आणि नील रुडेनस्टाइन यांनी या विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. बोवेन तेव्हा मेलन फाउंडेशनचे अध्यक्ष होते आणि रुडेनस्टाइन हार्वर्डचे. मानव्यविद्यांतल्या पीएचडीला फार वेळ लागतो, फार लोक फार उशिरा गळतात, आणि याला पैशाची कमतरता जितकी कारण आहे तितकाच विभागांचा ढिसाळपणाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. १९९१ मध्ये मेलन फाउंडेशनने यावर प्रयोग सुरू केला. दहा विद्यापीठांतल्या ५४ विभागांना दहा वर्षांत आठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. ती एकेका विद्यार्थ्याला न देता विभागाला दिली, आणि अट अशी की विभागाने आपला अभ्यासक्रम, मार्गदर्शनाची रीत आणि टप्पे नव्याने आखावेत. रकमेचा एक मोठा भाग प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी होता.

या प्रयोगाचा लेखाजोखा रोनाल्ड एरेनबर्ग, हॅरिएट झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ग्रंथरूपाने मांडला, आणि तो उत्साहावर विरजण घालणारा आहे. गळती कमी झाली, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतली. पुरे करणाऱ्यांचे प्रमाण थोडे वाढले. लागणारा काळ थोडा घटला. पण एवढ्या पैशातून जेवढी अपेक्षा होती तेवढे काही घडले नाही. प्रबंधाच्या वर्षासाठी दिलेल्या फेलोशिपचा परिणामही अपेक्षेइतका झाला नाही. याची कारणे शोधताना लेखकांनी बऱ्याच गोष्टी पुढे आणल्या. तुलनेसाठी घेतलेल्या इतर विभागांनीही त्याच काळात आपली मदत वाढवली होती, त्यामुळे फरक लहान दिसला. बाहेर प्राध्यापकीच्या जागा आटल्या होत्या, आणि बाहेर नोकरी नसेल तर विद्यार्थी म्हणून आणखी एक वर्ष काढणे शहाणपणाचे वाटते. शिवाय काही मार्गदर्शक परिपूर्णतेचा आग्रह धरत, आणि पुष्कळ काळ घेऊन घासूनपुसून केलेल्या प्रबंधाने नोकरी मिळण्यात काही फायदा झाल्याचे दिसत नव्हते. पैशाबरोबर जिथे विभागाने स्पष्ट अपेक्षा ठेवल्या, नियमित मार्गदर्शन दिले, कोणी कधीपर्यंत काय द्यायचे हे बांधून दिले, तिथे सुधारणा दिसली.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो मी अर्धा मान्य करतो. हातात पैसा आला म्हणून कोणी आपोआप लवकर लिहीत नाही. काही जण तर अधिक निवांत होतात. अमेरिकेतल्या एसीएलएस या विद्वत्संस्थेने मेलनच्याच पैशातून २००६ पासून प्रबंधपूर्तीसाठी फेलोशिप दिल्या, आणि अलीकडे तो कार्यक्रम बंद करून तीच मदत संशोधनाच्या सुरुवातीच्या, आखणीच्या टप्प्याकडे वळवली. शेवटी दिलेल्या पैशाने प्रबंध संपतो पण बदलत नाही, नवे धाडस करायचे तर पैसा आधी हवा, असा त्यामागचा विचार आहे. विचार चुकीचा नाही. फक्त तो अमेरिकेच्या परिस्थितीत सुचलेला आहे. तिथल्या मोठ्या विद्यापीठांनी तोपर्यंत शेवटच्या वर्षाची सोय स्वतःच करायला सुरुवात केली होती. हार्वर्डमध्ये मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना प्रबंधपूर्तीचे एक वर्ष विद्यापीठाच्या खर्चाने मिळते. त्या वर्षात शिकवण्याचे ओझे नसते, पण ते घेतल्यानंतर पुढे विद्यापीठाकडून आणखी आर्थिक मदतीची आशा ठेवायची नसते. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. ती विद्यार्थ्याला हे वर्ष कधी मागायचे याचा विचार करायला लावते. प्रकरणे तयार नसताना मागितले तर स्वतःचेच नुकसान. आपल्याकडची फेलोशिप याच्या अगदी उलटी चालते. तिची तारीख परीक्षेच्या निकालाने आणि नोंदणीने ठरते, आणि विद्यार्थ्याला ती कधी खर्चायची याबद्दल काडीचाही अधिकार नसतो. पहिले सहा महिने कोर्सवर्कमध्ये आणि पुढचे काही महिने आरआरसीच्या, म्हणजे संशोधन मान्यता समितीच्या, बैठकीची वाट पाहण्यात जातात. तेही त्याच पाच वर्षांत मोजले जातात.

ब्रिटनने दुसरे टोक धरले. तिथल्या आर्थिक व सामाजिक संशोधन परिषदेच्या पैशावर पीएचडी करणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक चार वर्षांत प्रबंध देत. १९८० च्या दशकाच्या मध्यात परिषदेने ठरवले की ज्या संस्थेचे पुरेसे विद्यार्थी चार वर्षांत प्रबंध सादर करणार नाहीत तिला पुढे विद्यार्थी मिळणार नाहीत. विद्यार्थ्याला धाक घालण्याऐवजी संस्थेला धाक घातला. काही वर्षांत सादर होणाऱ्या प्रबंधांचे प्रमाण लक्षणीय वाढले. यावर टीकाही झाली. मोठे, अवघड विषय घेण्याऐवजी वेळेत बसणारे विषय निवडले जाऊ लागले, अशी ओरड तेव्हापासून आहे आणि तिच्यात तथ्य असावे. तरीही एक गोष्ट या प्रयोगाने दाखवून दिली. उशीर हा केवळ विद्यार्थ्याच्या आळसाचा भाग असता तर संस्थेला शिक्षा करून तो घटला नसता.

इथे विद्यापीठाचा मुद्दा येतो. केंद्रीय किंवा राज्य पातळीवरच्या कार्यालयाला विद्यार्थ्याबद्दल काय दिसते? परीक्षेतले गुण, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नोंदणीचे पत्र, दर महिन्याची उपस्थिती, सहामाही प्रगती अहवालावर मार्गदर्शकाची सही. तिसरे प्रकरण लिहून झाले आहे की नाही, आणि झाले असेल तर ते वाचण्याजोगे आहे की नाही, हे त्या कार्यालयाला कळण्याची सोय नाही. त्याने ते ठरवायला बसावे अशी अपेक्षा करणेही चूक. हे फक्त विभागाला कळते. म्हणून सुरुवातीचा पैसा वरून, समान निकषांवर, सामाजिक न्यायाचे भान ठेवून यावा हे योग्य, आणि शेवटचा पैसा खालून, काम पाहून यावा हेही तितकेच योग्य. दोन्ही एकाच खिडकीतून देण्याचा हट्ट धरला की तारखा, टक्केवारी आणि शासन निर्णय यांतच सगळी शक्ती जाते.

यावर कोणीही जाणता माणूस लगेच म्हणेल की विद्यापीठाच्या हाती दिले म्हणजे गाईडच्या हाती दिले, आणि गाईडच्या हाती दिले म्हणजे मर्जीतल्यांना मिळाले. आपल्या विभागांची स्थिती पाहता ही भीती अतिशयोक्त नाही. मार्गदर्शकाच्या घरची कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी कोणी ऐकल्या नाहीत? पण यावर उपाय आहेत आणि त्यांत अवघड काही नाही. मार्गदर्शकाची शिफारस हा निकषच ठेवू नये. अर्धा प्रबंध, समजा तीन प्रकरणे, विभागाबाहेरच्या दोन वाचकांना पाठवावीत. नावे झाकूनही पाठवता येतात. त्यांनी एकच सांगायचे: हे वर्षभरात पुरे होण्याजोगे आहे का? पैसा एकरकमी न देता प्रकरणागणिक हप्त्याने द्यावा. आणि जो विभाग घेतलेल्या मदतीच्या मानाने प्रबंध देत नाही त्याची पुढच्या वर्षीची रक्कम कमी करावी, म्हणजे ब्रिटनचा धडाही पदरात पडेल. पक्षपात यातूनही होईल. पण आजच्या व्यवस्थेत गाईडची सत्ता कमी आहे असे थोडेच आहे? सहामाही अहवालावर सही अडवून तो आजही फेलोशिप रोखू शकतो. उलट लेखनाची प्रत बाहेरच्या वाचकाकडे गेली की त्याची मक्तेदारी थोडी तरी मोडते.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला चलाख उत्तर नाही. राज्य विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या आहेत, तिथे नवी फेलोशिप कोण मंजूर करणार? शंभर विद्यार्थ्यांना वर्षभर एसआरएफच्या दराने द्यायचे तर ५ कोटी ४ लाख रुपये लागतात. लहान विद्यापीठाला हे झेपणारे नाही, मोठ्यालाही सहज नाही. पण सहा महिन्यांसाठी चाळीस जणांना द्यायचे तर १ कोटी पुरतात, थोडी भर घालून, आणि परीक्षा शुल्क व संलग्नता शुल्कावर चालणाऱ्या मोठ्या विद्यापीठाला तेवढे उभे करणे अशक्य नसावे. याहून अप्रिय पर्याय शिकागो विद्यापीठाने निवडला. २०१९ मध्ये त्याने जाहीर केले की मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या पीएचडी विद्यार्थ्यांना पीएचडी पुरी होईपर्यंत मदत मिळेल, पण एकूण विद्यार्थीसंख्येवर मर्यादा राहील. जुने बाहेर पडतील तसे नवे आत घेतले जातील. याचा परिणाम असा की विभागाला नवे विद्यार्थी हवे असतील तर जुन्यांचे प्रबंध पुरे व्हावेत यात त्याचाच स्वार्थ असतो. आपल्याकडे याची नक्कल करणे धोक्याचे आहे. जागा कमी केल्या की आधी कोणाच्या कमी होतात हे आपल्याला माहीत आहे. भारतात पीएचडीला नोंदलेल्यांची संख्या २०१४-१५ मध्ये १ लाख १७ हजार होती, २०२१-२२ मध्ये ती २ लाख १२ हजारांवर गेली. या वाढीत पहिल्यांदाच विद्यापीठ पाहणारे पुष्कळ आहेत आणि महिलांची संख्या तर दुपटीहून वाढली आहे. ती दारे बंद करून उरलेल्यांचे भले करणे मला मान्य नाही. तरीही शिकागोने ज्या प्रश्नाला हात घातला तो टाळता येणार नाही: ज्याला पाच वर्षांनंतर सांभाळायची तयारी नाही, त्याला आत घेताना विद्यापीठ त्याला नेमके काय सांगते?

राहिला तो सर्वांत ढोबळ आक्षेप. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपची संख्या वाढवण्याचा विषय निघाला तेव्हा, पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल सत्ताधारी बाकांवरून आला. त्यावर संताप उसळणे स्वाभाविक होते. पण रागाच्या भरात त्यातला प्रश्न निसटू नये. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवलेल्या प्रबंधांत पुष्कळ निकृष्ट आहेत, काही तर जुळवाजुळव आहेत, हे विद्यापीठांतले सगळेच जाणतात. नोकरीच्या अटीसाठी केलेली पीएचडी आणि प्रश्न पडला म्हणून केलेली पीएचडी यांत फरक आहे. मात्र निकृष्ट प्रबंध हे शेवटच्या टप्प्यावरच्या मदतीविरुद्धचे कारण होत नाही. मला तर ते तिच्या बाजूचे वाटते. पैसा संपल्यावर घाईने, सुट्ट्यांत, मुदतवाढीच्या शेवटच्या आठवड्यात उरकलेला प्रबंध चांगला कसा निघेल? आणि पैसा देण्याआधी अर्धे लेखन बाहेरच्या माणसाने वाचायचे ठरले, तर सुमार काम सादर होण्याआधीच कोणाच्या तरी नजरेला पडेल. सध्या ते पहिल्यांदा वाचले जाते ते परीक्षकाकडे गेल्यावर, जेव्हा नापास करणे सगळ्यांनाच अवघड झालेले असते.

एक बारीक गोष्ट उरते, तिच्याकडे नियम करणाऱ्यांनी तातडीने पाहावे. प्रबंध सादर केला की फेलोशिप थांबते. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे त्यानंतर मूल्यमापन आणि व्हायवा सहा महिन्यांत उरकण्याची व्यवस्था विद्यापीठाने करायची आहे. परीक्षकाचा अहवाल येईना, व्हायवाची तारीख लागेना, अशा कारणांनी तो काळ लांबला तर सादर करणाऱ्याच्या हाती ना पदवी, ना फेलोशिप, ना सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीला अर्ज करण्याजोगे प्रमाणपत्र. हा विलंब पूर्णपणे विद्यापीठाच्या हातातला आहे. म्हणून या महिन्यांचा भारही त्यानेच उचलावा, निदान सहा महिन्यांची मर्यादा उलटल्यानंतरचा. प्रत्येक उशिराच्या महिन्याचे ४२,००० रुपये परीक्षा विभागाच्या अंदाजपत्रकातून जाणार असतील, तर परीक्षकांना स्मरणपत्रे आपोआप वेळेवर जाऊ लागतील.